ताईस आराउजो आणि ब्राझीलच्या पडद्याचा रंग

ताईस आराउजो या ब्राझीलच्या अभिनेत्री, मॉडेल आणि दूरचित्रवाणीवरील सूत्रसंचालक. त्यांचा जन्म २५ नोव्हेंबर १९७८ रोजी रिओ दि जानेरो येथे झाला. शाळकरी वयात त्या मॉडेलिंगमध्ये आल्या आणि सतराव्या वर्षी एका दैनंदिन मालिकेच्या नायिका झाल्या. पुढे 'ग्लोबो' या देशातील सर्वांत मोठ्या वाहिनीवर मालिकेची मध्यवर्ती भूमिका मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री ठरल्या. ब्राझीलच्या रस्त्यावर दिसणारी माणसे आणि पडद्यावर दिसणारी माणसे यांच्यातले अंतर किती मोठे होते आणि ते किती सावकाश कमी झाले, हे समजून घ्यायचे तर त्यांच्या कारकिर्दीइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही.

अटलांटिक महासागरातून झालेल्या गुलामांच्या व्यापारात सर्वाधिक आफ्रिकी माणसे ब्राझीलच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. त्यांची संख्या सुमारे ४८ लाख होती. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८८८ मध्ये, अमेरिका खंडातील इतर सर्व देशांनंतर. २०२२ च्या जनगणनेत ४५.३ टक्के लोकांनी स्वतःची नोंद 'पार्दो' म्हणजे मिश्रवर्णीय अशी केली, तर १०.२ टक्के लोकांनी कृष्णवर्णीय अशी. गोऱ्यांचे प्रमाण ४३.५ टक्के निघाले. पण हा देश रात्री ज्या मालिका पाहतो, त्यांत कृष्णवर्णीय स्त्री बहुधा स्वयंपाकघरात किंवा गुलामांच्या वस्तीत दिसे. १९६९ मध्ये ग्लोबोने 'अंकल टॉम्स केबिन' या कादंबरीवर मालिका काढली, तेव्हा टॉमची भूमिका सेर्जिओ कार्दोसो या गोऱ्या नटाने चेहरा काळा रंगवून केली. टॉमच्या पत्नीच्या भूमिकेत रूथ दे सौझा होत्या. त्यांनी १९४५ मध्येच रिओच्या म्युनिसिपल थिएटरच्या रंगमंचावर काम केले होते आणि तिथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अभिनेत्री होत्या. १९७६ मध्ये गाजलेल्या 'गुलाम इझाउरा' या मालिकेची नायिका गुलाम होती, पण तिचे काम लुसेलिया सांतोस या गोऱ्या अभिनेत्रीने केले होते.

या साऱ्याचे महत्त्व कळायला ब्राझीलमधील टेलिनोव्हेलाचे तंत्र थोडे माहीत हवे. आपल्याकडच्या मालिकेसारखी ती वर्षानुवर्षे चालत नाही. सोमवार ते शनिवार रोज एक भाग, असे साधारण दीडशे ते दोनशे भाग होतात आणि सात-आठ महिन्यांत कथा संपते. संध्याकाळी सहाची, सातची आणि रात्रीच्या बातम्यांनंतरची अशा तिच्या तीन ठरलेल्या वेळा असतात. रात्रीच्या मालिकेला सर्वाधिक प्रेक्षक, सर्वाधिक जाहिराती आणि सर्वाधिक मान असतो. मालिकेचा लेखक नटांइतकाच प्रसिद्ध असतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मालिका सुरू होते तेव्हा ती पूर्ण लिहून झालेली नसते. प्रेक्षकांचा प्रतिसाद पाहत लेखक पुढचे भाग लिहितो, एखाद्या पात्राला वाढवतो, दुसऱ्याला मागे सारतो. नायिकेचे स्थान पहिल्या भागात मिळाले म्हणजे शेवटपर्यंत टिकेल, याची शाश्वती नसते. ताईस यांना हे दोनदा सोसावे लागले.

त्यांचे कुटुंब मध्यमवर्गीय होते. वडील अर्थतज्ज्ञ, आई शिक्षणक्षेत्रातली. रिओच्या उत्तर भागातील मेयर या वस्तीतून कुटुंब समुद्राकाठच्या बार्रा दा तिजूका या सधन भागात राहायला गेले. तिथल्या खासगी शाळेत आपल्यासारखी दिसणारी मुले जवळजवळ नव्हतीच, असे ताईस यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. कृष्णवर्णीय म्हणजे गरीब, हे समीकरण ज्या समाजात घट्ट रुजलेले होते, तिथे शिकलेल्या आईबापांच्या या मुलीला कोणत्या खान्यात टाकावे हे लोकांना कळत नसे. अभिनयाबरोबर त्यांनी पत्रकारितेचेही शिक्षण घेतले. पण त्याआधी, किशोरवयातच, त्या छायाचित्रांसाठी आणि जाहिरातींसाठी उभ्या राहू लागल्या होत्या.

तो काळ ब्राझिलियन मॉडेलिंगच्या भरभराटीचा होता. नव्वदच्या दशकात मॉडेल शोधणाऱ्या एजन्सींची माणसे दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल राज्यातील लहान गावे पालथी घालत. तिथे जर्मन आणि इटालियन वंशाच्या लोकांची वस्ती मोठी आहे. त्या राज्यातील ओरिझोंतिना गावची जिझेल बुंडशेन १९९४ मध्ये साओ पाउलोच्या एका मॉलमध्ये एजन्सीच्या नजरेस पडली आणि काही वर्षांतच जगातील सर्वांत महागड्या मॉडेलपैकी एक झाली. उंच, सडपातळ, सोनेरी केसांची मुलगी ही ब्राझीलची जगाला दिसणारी प्रतिमा बनली. कुरळ्या केसांच्या, सावळ्या मुलीसाठी रॅम्पवर फारशी जागा नव्हती. २००९ मध्ये साओ पाउलो फॅशन वीकच्या आयोजकांना सरकारी अभियोक्त्यांशी करार करावा लागला: प्रत्येक प्रदर्शनातील किमान १० टक्के मॉडेल कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय किंवा मूलनिवासी असाव्यात. निम्म्याहून अधिक लोकसंख्येसाठी दहा टक्के जागा मागायलाही लेखी करार करावा लागला, यावरूनच तिथली परिस्थिती लक्षात यावी. ताईस यांच्यापुढे अभिनयाचा मार्ग लवकर उघडला हे त्यांच्या दृष्टीने चांगलेच झाले.

अभिनयाची सुरुवात १९९५ मध्ये 'मांशेत' या वाहिनीवरील 'तोकाया ग्रांदे' या मालिकेतून झाली. ती जॉर्ज आमादो यांच्या कादंबरीवर बेतलेली होती. पुढच्याच वर्षी त्याच वाहिनीने दिग्दर्शक वॉल्टर अवान्सिनी यांच्याकडे 'शिका दा सिल्वा' ही मालिका सोपवली आणि मुख्य भूमिका ताईस यांना मिळाली.

शिका ही इतिहासातील खरी व्यक्ती. अठराव्या शतकात मिनास जेराइस प्रांतात, आज दियामांतिना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी, हिऱ्यांच्या खाणी होत्या. पोर्तुगालच्या राजाकडून त्यांचा ठेका घेतलेल्या जोआओ फेर्नांदेस दे ओलिव्हेइरा या धनाढ्य माणसाने एक गुलाम स्त्री विकत घेऊन तिला मुक्त केले. लग्न न करता ते दोघे पतिपत्नीसारखे राहिले. त्यांना तेरा मुले झाली. गावात तिचा मोठा दबदबा होता. १७९६ मध्ये ती वारली. लोककथांनी तिला मादक आणि लहरी सम्राज्ञी बनवले. १९७६ मध्ये काका दिएगेस यांनी तिच्यावर काढलेल्या चित्रपटात झेझे मोता यांनी ती भूमिका अजरामर केली होती. त्याच झेझे मोता नव्या मालिकेत शिकाच्या आईच्या भूमिकेत आल्या.

सप्टेंबर १९९६ ते ऑगस्ट १९९७ या काळात ही मालिका चालली. तिचा लेखक टोपणनावाने लिहीत होता. तो वॉल्सिर कारास्को हा नामवंत लेखक असल्याचे नंतर उघड झाले. ग्लोबोच्या मक्तेदारीला या मालिकेने धक्का दिला, आणि लॅटिन अमेरिकेतील देशांत व अमेरिकेच्या स्पॅनिश वाहिनीवरही ती लोकप्रिय झाली. ताईस रातोरात प्रसिद्ध झाल्या. पण या यशाला एक बोचरी बाजू होती. मालिकेत नग्न दृश्ये मुबलक होती, आणि मालिका सुरू झाली तेव्हा नायिका अवघी सतरा वर्षांची होती. तिच्या वयावरून वाद झाला. गुलाम स्त्रीचे शरीर हेच तिचे भांडवल, ही कल्पना मालिका मोडत नव्हती; ती अधिक झगमगीत करत होती. पहिली मोठी संधी मिळाली ती अशा भूमिकेत, हे विसरून चालणार नाही.

शिका ही ब्राझीलच्या टेलिनोव्हेलातील पहिली कृष्णवर्णीय नायिका, असे सर्रास लिहिले जाते. त्याला एक अपवाद आहे. १९६५ मध्ये तुपी वाहिनीवरील एका मालिकेत योलांदा ब्रागा या कृष्णवर्णीय अभिनेत्रीने नायिकेचे काम केले होते. ती मालिका विस्मरणात गेली आणि मधली तीस वर्षे जवळजवळ कोरडी गेली.

'शिका'नंतर ग्लोबोने ताईस यांना बोलावले. तिथे 'आंजो माऊ', 'पोर्तो दोस मिलाग्रेस' अशा मालिकांत त्यांना दुय्यम भूमिका मिळाल्या. दुसऱ्या वाहिनीवर नायिका झालेल्या अभिनेत्रीला इथे पुन्हा रांगेत उभे राहावे लागले आणि ही वाट पाहणे सात वर्षे चालले. अखेर जानेवारी २००४ मध्ये संध्याकाळी सातच्या 'दा कोर दो पेकादो' या मालिकेत त्या नायिका झाल्या. ग्लोबोची स्थापना १९६५ मधली. म्हणजे वाहिनीला एका कृष्णवर्णीय स्त्रीला कथेच्या मध्यभागी उभे करायला जवळपास चार दशके लागली. ही नायिका, प्रेता, मारान्याओ राज्यातील साओ लुईस शहराच्या बाजारात औषधी वनस्पती विकते आणि रिओच्या एका श्रीमंत घराण्यातील वनस्पतिशास्त्रज्ञाच्या प्रेमात पडते. जोआओ इमान्युएल कार्नेइरो यांची ही कथा वेगवान आणि जिव्हाळ्याची होती. शंभरहून अधिक देशांना ती विकली गेली आणि बरीच वर्षे ग्लोबोची सर्वाधिक निर्यात झालेली मालिका तीच होती. कृष्णवर्णीय नायिकेची मालिका खपत नाही, ही सबब यानंतर कोणाला देता येण्यासारखी नव्हती. तरीही मालिकेच्या शीर्षकाने सावळ्या रंगाची सांगड पापाशी घातली होती, याबद्दल टीका झाली आणि ती योग्यच होती.

त्याच वर्षी आलेला 'आस फिल्यास दो व्हेंतो' (वाऱ्याच्या मुली) हा चित्रपट वेगळ्या मातीतला होता. दिग्दर्शक जोएल झितो आराउजो यांनी आधी 'आ नेगासाओ दो ब्राझिल' या पुस्तकातून आणि माहितीपटातून टेलिनोव्हेलातील कृष्णवर्णीयांच्या चित्रणाचा इतिहास मांडला होता. आता त्यांनी मिनास जेराइसमधील दोन बहिणींची आणि त्यांच्या मुलींची कथा जवळजवळ पूर्णपणे कृष्णवर्णीय नटसंचात उभी केली. रूथ दे सौझा, लेआ गार्सिया, मिल्टन गोन्साल्वेस यांच्यासारख्या ज्येष्ठांबरोबर ताईस यांनी काम केले. ग्रामादो महोत्सवात या चित्रपटाला अभिनयाची अनेक पारितोषिके मिळाली. सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक ताईस आणि ताल्मा दे फ्रेइतास यांना विभागून देण्यात आले. चेहरा रंगवलेल्या टॉमच्या शेजारी उभे राहावे लागलेल्या रूथ आणि त्यांच्यानंतरच्या पिढीतील ताईस एकाच चित्रपटात आल्या, हे त्याचे वेगळे मोल.

याच सुमारास ताईस यांच्या आयुष्यात लाझारो रामोस आले. लाझारो मूळचे बाहिया राज्याच्या साल्वादोर शहरातले, ताईस यांच्याच वयाचे. त्यांची जडणघडण साल्वादोरमधील 'बांदो दे तेआत्रो ओलोदुम' या कृष्णवर्णीय नाट्यसंस्थेत झाली आणि २००२ च्या 'मादामे साता' या चित्रपटाने त्यांना नाव मिळवून दिले. २००६ मध्ये 'कोब्रास इ लागार्तोस' या मालिकेत दोघे एकत्र होते. त्यातील भूमिकेसाठी लाझारो यांना आंतरराष्ट्रीय एमी पुरस्काराचे नामांकन मिळाले. २००८ मध्ये दोघे काही काळ वेगळे झाले, मग पुन्हा एकत्र आले. २०११ मध्ये मुलगा आणि २०१५ मध्ये मुलगी झाली. ब्राझीलच्या नियतकालिकांत प्रसिद्ध जोडप्यांची छायाचित्रे सतत छापली जातात, पण त्यांत दोघेही कृष्णवर्णीय असलेले जोडपे क्वचितच असे. त्यामुळे या संसाराला त्यांनी मागितले नव्हते असे सार्वजनिक वजन आले.

२००९ हे वर्ष ताईस यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठ्या मानाचे आणि सर्वांत कठीणही. लेखक मानोएल कार्लोस यांच्या मालिकांची एक परंपरा होती: नायिका रिओच्या उच्चवर्गीय लेब्लोन परिसराच्या आसपास वावरणारी आणि तिचे नाव नेहमी एलेना. १९८१ पासून लिलियान लेमेर्त्झ, रेजिना दुआर्ते, व्हेरा फिशर, क्रिस्तियाने तोर्लोनी अशा नामवंत अभिनेत्रींनी एलेना साकारली होती. 'व्हिव्हेर आ व्हिदा' या मालिकेसाठी कार्लोस यांनी ताईस यांची निवड केली. रात्रीच्या मुख्य वेळेला प्रथमच कृष्णवर्णीय नायिका येणार होती, तीही जगप्रसिद्ध मॉडेलच्या भूमिकेत. फॅशन वीकमध्ये दहा टक्के जागांचा करार झाला त्याच वर्षी!

या मालिकेच्या आधी त्याच वेळेला जी मालिका चालत होती, तिचा भारताशी संबंध आहे. ग्लोरिया पेरेझ यांची 'कामिन्यो दास इंदियास' ही कथा मोठ्या प्रमाणात राजस्थानात घडते आणि तिच्यात एका दलित तरुणाच्या प्रेमाचा धागा आहे. तिला २००९ चा सर्वोत्कृष्ट टेलिनोव्हेलाचा आंतरराष्ट्रीय एमी मिळाला. भारतीय पात्रे ब्राझीलच्याच नटनट्यांनी साकारली होती. लाखो ब्राझिलियन प्रेक्षकांनी अनेक महिने भारतातील जातिभेदाची कथा पाहिली आणि सप्टेंबर २००९ मध्ये लगेच त्याच वेळेला त्यांच्या समोर एक कृष्णवर्णीय एलेना उभी राहिली. ती त्यांना सहज पचली नाही.

कथेत एलेना आपल्याहून बऱ्याच मोठ्या, घटस्फोटित मार्कोसशी लग्न करते आणि मॉडेलिंग सोडते. मार्कोसची मुलगी लुसियाना एका अपघातात मानेखाली लुळी पडते आणि त्याचा दोष एलेनाकडे येतो. नोव्हेंबरमधील एका भागात एलेना लुसियानाच्या आईपुढे, म्हणजे मार्कोसच्या पहिल्या बायकोपुढे, गुडघे टेकून क्षमा मागते आणि ती तिच्या थोबाडीत मारते. कृष्णवर्णीय स्त्री गुडघ्यांवर, गोरी स्त्री उभी आणि तिचा हात उगारलेला, हे दृश्य कृष्णवर्णीय चेतना दिनाच्या, म्हणजे २० नोव्हेंबरच्या, आगेमागेच प्रक्षेपित झाले. हा दिवस पळून गेलेल्या गुलामांच्या पाल्मारेस वसाहतीचा नेता झुंबी याच्या स्मरणाचा. कृष्णवर्णीय संघटनांनी तीव्र निषेध केला. इकडे प्रेक्षकांची सहानुभूती लुसियानाकडे वळली. लेखणीही तिच्यामागे गेली. लुसियाना कथेचे केंद्र बनली आणि एलेना हळूहळू कडेला सरकली. मालिका अपेक्षेइतकी चालली नाही याचे खापर नायिकेवर फुटले. आधीच्या एलेनांनाही चुका करायची मुभा होती. त्यांचे स्वार्थ, त्यांचे खोटे बोलणे प्रेक्षकांनी समजून घेतले होते. या एलेनाला ते सुख मिळाले नाही. आपल्या कारकिर्दीतील हा फार दुखावणारा काळ होता, हे ताईस यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले.

त्यातून त्या उभ्या राहिल्या त्या एका मोलकरणीच्या भूमिकेने. एरवी कृष्णवर्णीय अभिनेत्रीला मोलकरणीचे काम देणे म्हणजे जुनेच पाढे वाचणे. पण २०१२ च्या 'शेयास दे शार्मे' मालिकेत तीन घरकामगार स्त्रिया नायिका होत्या, मालकीण खलनायिका होती आणि कथा सांगितली जात होती ती मोलकरणींच्या नजरेतून. ताईस यांची पेन्या ही त्यांतली एक; मालकिणीने हात उगारल्यावर ती गप्प बसत नाही, पोलिसांत जाते. तिघी मिळून मालकिणीच्या घरात गाण्याची चित्रफीत बनवतात, ती पसरते आणि त्या गायिका म्हणून प्रसिद्ध होतात. ही चित्रफीत मालिकेत दाखवण्याआधी खरोखरच इंटरनेटवर टाकण्यात आली होती, हा तेव्हा नवा प्रयोग होता. देशात घरकामगारांच्या हक्कांची चर्चा जोरात होती, आणि एप्रिल २०१३ मध्ये घटनादुरुस्ती होऊन त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीचे बरेचसे हक्क मिळाले. मालिकेमुळे कायदा झाला असे म्हणता येणार नाही, पण ज्या काळात तो झाला त्या काळाची नस या मालिकेने अचूक पकडली होती. पेन्या ही ताईस यांच्या सर्वांत लाडक्या भूमिकांपैकी एक मानली जाते. त्यांच्यातली विनोदाची जाण इथे प्रथमच मोकळेपणाने दिसली.

२०१५ मध्ये ग्लोबोवर 'मिस्टर ब्राऊ' ही विनोदी मालिका सुरू झाली. लोकप्रिय गायक ब्राऊ आणि त्याची बायको व व्यवस्थापक मिशेले श्रीमंत गोऱ्यांच्या वसाहतीत घर घेतात, या कल्पनेवर ती उभी होती. ब्राऊ लाझारो, मिशेले ताईस. दुःख, गुलामगिरी, गरिबी यांपैकी काहीही खांद्यावर न घेता दोन कृष्णवर्णीय माणसे श्रीमंत, आनंदी आणि एकमेकांवर प्रेम करणारी दिसली, ही त्या मालिकेची खरी नवलाई होती. ती २०१८ पर्यंत चालली. मालिका सुरू झाली त्याच वर्षी, २०१५ मध्ये, दोघांनी अमेरिकी नाटककार कटोरी हॉल यांचे मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील नाटक पोर्तुगीजमध्ये रंगमंचावर आणले. ३ एप्रिल १९६८ ची, किंग यांच्या हत्येच्या आदल्या दिवसाची रात्र. मेम्फिसच्या मोटेलची खोली. किंग आणि तिथे काम करणारी एक तरुणी. दोनच पात्रांच्या या नाटकाने ब्राझीलभर दौरे केले.

२०१५ च्याच ऑक्टोबरअखेर ताईस यांच्या फेसबुकवरील एका छायाचित्राखाली वर्णद्वेषी शेऱ्यांचा अक्षरशः मारा झाला. रोख त्यांच्या रंगावर आणि मोकळ्या सोडलेल्या कुरळ्या केसांवर होता. काही महिन्यांपूर्वीच ग्लोबोच्या बातम्यांत हवामान सांगणाऱ्या माजू कौतिन्यो यांच्यावर असाच हल्ला झाला होता. ताईस यांनी ते शेरे पुसले नाहीत. लोकांना दिसू दे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनी पोलिसांत तक्रार केली. तपासाअंती मार्च २०१६ मध्ये वेगवेगळ्या राज्यांतून काही जणांना अटक झाली, आणि हा हल्ला संघटित गटांनी ठरवून केलेला असल्याचे समोर आले. ब्राझीलमध्ये वर्णद्वेष हा जामीन न मिळणारा गुन्हा आहे असे १९८८ ची राज्यघटना सांगते. प्रत्यक्षात तक्रार तडीस जाण्याची उदाहरणे कमी, म्हणून या प्रकरणाला महत्त्व.

२०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेच्या ब्राझील शाखेने ताईस यांना कृष्णवर्णीय स्त्रियांच्या हक्कांच्या पाठीराख्या म्हणून नेमले. त्याच वर्षी साओ पाउलोतील एका व्याख्यानात त्या आई म्हणून बोलल्या. आपला मुलगा अनवाणी, उघडा खेळत असला तर लोक त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, रस्त्याची बाजू बदलतील, ही भीती त्यांनी मांडली. व्याख्यान प्रसारित झाल्यावर त्यांची भयंकर टर उडवली गेली. एक प्रसिद्ध, श्रीमंत अभिनेत्री अशी तक्रार करते, हेच अनेकांना सहन झाले नाही. सरकारी प्रसारण संस्थेच्या प्रमुखानेही त्यांची थट्टा करणारा मजकूर पुढे पाठवला आणि नंतर त्याला माफी मागावी लागली.

पडद्यावरचे चित्र बदलत असले तरी सरळ रेषेत नव्हे. २०१८ मध्ये ग्लोबोची नवी मालिका बाहियात घडणारी होती, जिथे कृष्णवर्णीय व मिश्रवर्णीय लोक मोठ्या बहुसंख्येने आहेत. तरी मुख्य भूमिकांत जवळजवळ सगळे गोरे. कामगार अभियोक्त्यांनी वाहिनीला लेखी समज दिली. पुढच्या वर्षी 'आमोर दे माय' या रात्रीच्या मालिकेत ताईस तीन नायिकांपैकी एक होत्या. त्यांची व्हितोरिया ही यशस्वी वकील, मूल हवे म्हणून झुरणारी. करोनामुळे मार्च २०२० मध्ये मालिका थांबली आणि वर्षभराने पुन्हा सुरू होऊन संपली. 'आरुआनास' या मालिकेत त्या अ‍ॅमेझॉनच्या जंगलातील बेकायदा खाणकामाशी लढणाऱ्या कार्यकर्तीच्या भूमिकेत होत्या. लाझारो यांनी दिग्दर्शित केलेला 'मेदिदा प्रोव्हिझोरिया' हा चित्रपट एप्रिल २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये झळकला. नजीकच्या भविष्यात सरकार वटहुकूम काढून सर्व कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत धाडते, अशी त्याची कल्पना. ताईस यांनी त्यात डॉक्टरची भूमिका केली.

डिसेंबर २०२४ मध्ये 'ओ आउतो दा कोम्पादेसिदा' या अतिशय लाडक्या चित्रपटाचा दुसरा भाग आला. आरियानो सुआसुना यांच्या नाटकावरून निघालेल्या २००० च्या पहिल्या चित्रपटात करुणामयी मारियामातेची भूमिका फेर्नांदा मोंतेनेग्रो यांनी केली होती. दुसऱ्या भागात ती ताईस यांच्याकडे आली. ब्राझीलची संरक्षक देवता मानली जाणारी आपारेसिदाची मारियामाता सावळ्या रंगाचीच आहे. तिची छोटी मातीची मूर्ती १७१७ मध्ये कोळ्यांच्या जाळ्यात सापडली अशी श्रद्धा आहे. सिनेमातली मारियामाता त्या मूर्तीच्या रंगाची व्हायला इतकी वर्षे जावी लागली.

त्या वर्षअखेरीस ग्लोबोच्या सहा, सात आणि नऊ या तिन्ही वेळांच्या मालिकांत एकाच वेळी कृष्णवर्णीय नायिका होत्या: दुदा सांतोस, जेसिका एलेन आणि गाब्झ. असे पूर्वी कधी घडले नव्हते. गाब्झची मालिका संपल्यावर ३१ मार्च २०२५ रोजी त्या जागी 'व्हाले तुदो' सुरू झाली. १९८८ मध्ये गाजलेल्या मालिकेची ही नवी आवृत्ती. प्रामाणिक राहून या देशात पुढे जाता येते का, असा तिचा प्रश्न. लबाड मुलीने फसवून घर विकल्यावर आई राकेल रिओच्या समुद्रकिनाऱ्यावर सँडविच विकून स्वतःचा व्यवसाय उभा करते. मूळ राकेल रेजिना दुआर्ते यांनी केली होती. नवी राकेल ताईस यांनी. कृष्णवर्णीय राकेलमुळे प्रश्नाला नवी धार आली, कारण किनाऱ्यावर माल विकणाऱ्या बायकांत कृष्णवर्णीयांचीच संख्या मोठी.

मध्यावर आल्यावर कथेने वळण घेतले. मूळ मालिकेत राकेल वर चढत जाते. इथे ती सारे गमावून पुन्हा किनाऱ्यावर सँडविच विकायला उतरली. लेखिका मानुएला दियास यांचा हा बदल ताईस यांना रुचला नाही. एका कृष्णवर्णीय स्त्रीची चढती कहाणी पडद्यावर दिसावी अशी आपली अपेक्षा होती, तिचा भंग झाला, असे त्यांनी मालिका चालू असतानाच मुलाखतीत सांगितले. एलेनाला बाजूला सारले गेले तेव्हा तीस वर्षांची अभिनेत्री दोष स्वतःवर घेऊन गप्प राहिली होती. आता सेहेचाळिसाव्या वर्षी, वाहिनीच्या मुख्य मालिकेतून, तिने लेखिकेच्या निर्णयाला जाहीरपणे हरकत घेतली आणि काम चोख करत राहिली. मालिकेचा शेवटचा भाग १७ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रक्षेपित झाला.